खरं

कौलांच्या कारखान्याची चिमणी अजून उभी आहे.
खाली भट्टीत करवंदीची जाळी माजलीय,
आणि हजेरी-ऑफिसात, जिथं माझा बाप
कौलं मोजून पावत्या फाडायचा,
तिथं आता सहा संगणक, दोन पंखे,
भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे,
आवाज घुमू नये म्हणून.
ट्रे यल्लाप्पाच्या दुकानातले.
त्यासाठी अख्ख्या गावानं सहा महिने ऑम्लेट खाल्लं
असं तो सांगतो.
गावात आता ऑम्लेट खायला तेवढी माणसं कुठं आहेत?

काम असं:
पुण्याची एक कंपनी यंत्राला मराठी शिकवते.
वाचायचं नाही, बोलायचं.
बाजाराबद्दल बोला. दाढदुखीबद्दल बोला.
हरवलेल्या म्हशीबद्दल बोला.
मग ते ऐकायचं, तुकडे करायचे, टंकून पाठवायचं.
तासावर पैसे.

वेर्ण्याला नऊ वर्षं मी
औषधांच्या बाटल्यांना झाकणं लावली.
तिथं पैसे गप्प बसायचे होते.

पहिल्याच दिवशी अर्जात विचारलं: मातृभाषा.
शेवंताक्का म्हणाली,
"चुलीपाशी कन्नड बोलतो आम्ही, गोठ्यात मराठी.
म्हशीला दोन्ही कळतंय."
रकाना एकच होता.
त्या एका रकान्यापायी आमच्याकडं
किती पाट्यांना डांबर लागलं,
किती बसच्या काचा गेल्या.
तिनं पदरानं चष्मा पुसला.
"म्हशीचं नाव घाल जा," म्हणाली.

महिन्यानं तपासणी आली.
चुका: चारशे बारा.
निम्मे पैसे कापलेले.

नागवेणीनं रात्री बसून एकेक चूक ऐकली.
बी. कॉम. झालेली पोर, हिशेब सोडत नाही.
बहुतेक सगळ्या एकाच शब्दाच्या निघाल्या.
"आलो असतो, खरं बस चुकली."
यंत्रानं लिहिलं होतं:
आलो असतो खरं. बस चुकली.
एका टिंबानं आमचा 'पण' मारला.

तिनं पत्र लिहिलं.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', साहेब.
ही चूक नव्हे, आमची बोली आहे.
सोबत आणखी एकोणसाठ शब्द जोडले,
प्रत्येकापुढं कोण बोललं, कशावरून बोललं.

अकरा दिवस उत्तर नाही.
मला बापाचं मोजणं आठवत राहिलं:
शेकड्याला चार फुटकी धरायची.
फुटकी गोठ्यावर जायची,
आणि पाणी तिथंही अडायचंच.

बाराव्या दिवशी दोन ओळी आल्या.
कापलेले पैसे परत.
आणि, असे शब्द आणखी आहेत काय?

आहेत काय!
मंगळवारी यल्लाप्पाच्या बाकावर रांग लागली.
परशराम कुंभार माती मळायचे सतरा शब्द घेऊन आला,
त्यातले पाच शिव्या निघाल्या.
त्याही घेतल्या, वेगळ्या खात्यात.
गोव्याहून तिघं परतले.
त्यातला एक पुन्हा गेला.
शाळेत सात पोरं होती, नऊ झाली.
संध्याकाळची बस अजून बंदच.
नागवेणीला पुण्याहून बोलावणं आलंय.
जा म्हणून मीच सांगितलं,
आणि सांगून झाल्यावर
बराच वेळ पंख्याची वायर नीट करत बसलो.

काल तालुक्याहून एक माणूस आला, वही घेऊन.
शर्टाला इस्त्री, बुटाला आमचा लाल चिखल.
विचारलं, "मग? गाव परत उभं राहिलं म्हणायचं का?"

मी म्हणालो, "उभारायलंय, खरं…"

त्यानं मान डोलवली,
वहीत लिहिलं, खाली रेघ मारली,
आणि निघाला.

कानांवरचे हेडफोन न काढताच
नागवेणी हसली.
माइक चालूच होता.
पडद्यावर माझ्या आवाजाची हिरवी रेघ
'खरं'पाशी उंच गेली,
आणि मग सपाट, पुढं सरकत राहिली.

"बोल की," ती म्हणाली,
"पुढचं कोण बोलणार?"