पेन्सिलीची तारीख

वडसा स्टेशनच्या मागच्या गल्लीत बुराडेकाकांचं ऑफिस.
एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतभर नाटकांची पोस्टरं,
आणि लाल कापडी बांधणीचं रजिस्टर.
दिवाळीपासून होळीपर्यंतच्या झाडीपट्टीच्या रात्री
त्यात ओळीनं झोपलेल्या असतात.

मी म्हटलं, काका, हे सगळं मोबाइलात येईल.
मंडळ आपल्या गावातूनच पाहील
कुठली कंपनी, कुठली हिरोइन, कोण ऑर्गनवाला
कुठल्या रात्री मोकळा आहे ते.
काका म्हणाले, "येईल ना बाई. सगरंच येते."
आणि चहा सांगितला.

राइस मिलच्या गच्चीवर नेटवर्क बरं मिळतं.
तिथं पितांबरनं लग्नपत्रिकेच्या मागं हिशेब मांडला:
तारखेमागे पन्नास रुपये, हंगामात दोन हजार प्रयोग,
झाले लाख.
कागदावर आकडे फार शहाण्यासारखे वागतात.
नागपूरला एका एसी खोलीत एका सरांनी विचारलं,
तुमचा स्पर्धक कोण?
मी म्हटलं, बुराडेकाका.
ते हसले. मी हसले नाही.

पहिली आवृत्ती दोन रंगांची.
हिरवी तारीख मोकळी, लाल तारीख गेलेली.
एक्केचाळीस जणांनी अ‍ॅप उतरवून घेतलं,
त्यात नऊ पितांबरचे मावसभाऊ.

मंडईच्या पाचव्या दिवशी रात्री नऊला फोन आला.
कुरुडला ताटपट्ट्या भरल्यात, पडदा बांधलाय,
आणि वंदू शेंडे कोंढाळ्याला नवरीच्या मेकअपमध्ये बसलीय.
अ‍ॅपमध्ये तारीख कुरुडच्या नावे लाल होती.
पण कोंढाळ्याची माणसं मोटरसायकलवर आली होती,
तिच्या ओसरीवर बसली होती,
चहा प्याली होती.
कुरुडनं मग दीड वाजेपर्यंत लावण्याच पाहिल्या.
तोवर कोंढाळ्याचे दोन अंक उरकून
शालीत गुंडाळलेली वंदू दुचाकीवरून उतरली,
गालावरच्या लालीवर रस्त्याची धूळ.
मी विंगेत उभी होते. तिनं मला पाहिलं, म्हणाली,
"तुया अ‍ॅपनं मले इचारलंच नाई."
आणि गेली स्टेजवर.

या खेपेला काकांकडे गेले तेव्हा बोलले नाही.
रजिस्टर उघडून नुसती पाहत बसले.
अर्ध्याहून जास्त तारखा पेन्सिलीनं.
काहींवर गोल, काहींवर अर्धाच गोल,
एकीच्या कडेला नुसता उसासा टाकावा तशी रेघ.

"हे?"
"हिची बहीन बाळंतीन होनार आहे. झाली का सांगन म्हनते."
"आणि हे?"
"मालक हो म्हनला. पन दात दाबून म्हनला."
मग टोक जिभेला लावत म्हणाले,
"पेनानं लिवलं का मानूस अडकते, बाई.
पेन्सिल म्हंजे बोलनी चालू आहे."

घरी येऊन सहा आठवडे मी तेवढंच लिहिलं.
तिसरा रंग, राखाडी.
कोडमध्येही त्याचं नाव पेन्सिलच ठेवलं.
आता नटीनं स्वतःच्या बोटानं हो म्हटल्याशिवाय
कुठलीच राखाडी तारीख लाल होत नाही.
पितांबर म्हणतो, राखाडीचे पैसे कोण देणार?
बरोबर विचारतो.
यंदा एकशे बारा तारखा आल्या,
त्यातल्या त्रेसष्ट अजून राखाडी.
सर्व्हरचं भाडं निघालं, इन्व्हर्टरला नवी बॅटरी आली,
सरांना मेल लिहिला नाही.

काकांनी रजिस्टर सोडलेलं नाही.
पण रात्री दहाच्या सुमारास फोन करतात.
"विसोऱ्याचं काय दाखवून रायला तुया मोबाइलात?"
"पेन्सिल."
"मायाबी इथं पेन्सिलच."
मग दोघंही थोडा वेळ काही बोलत नाही.
मागं त्यांच्या पंख्याची खरखर ऐकू येते.
"खोडरबर आहे का त्याच्यात?"
"आहे, काका."
"मंग चालते."