माया

दुकान भांडुपला, कोकणनगरच्या चढावर.
आठ बाय सहा. दोन मशिनं, एक पिकोचं,
कटिंगचं टेबल भिंतीला बिजागरीवर.
ते दुमडलं की माझ्याएवढी जमीन मोकळी होते.

शटर गुडघ्यापर्यंत ओढून
मी जुन्या अस्तराची घडी अंथरते.
झाडून घेतलं तरी एखादी टाचणी राहतेच,
आणि शवासनात नेमकी तीच सापडते.

मान आखडली होती म्हणून सुरू केलं.
महापालिकेच्या शाळेत रविवारी रेगेबाई शिकवायच्या.
त्या मुलीकडे राहायला गेल्या, वर्ग बंद पडला,
माझा पडला नाही.
त्रिकोणासनात हात हँगरच्या दांडीला लागायचा.
अकरा वर्षांत दांडी हलवली नाही.
रोज लागायचा.

शिकवायचं वगैरे डोक्यात नव्हतं.
कुणाचा कुठला खांदा उतरलाय
हे मला टेप लावायच्या आधी दिसतं, एवढंच.
ते वहीत लिहायचे, गिऱ्हाइकाला सांगायचे नाही.
उजवा अर्धा इंच खाली. पाठ पोकळ. श्वास वरवरचा.
हे शेवटचं माप कधी लिहायला लागले, आठवत नाही.

मग प्रमोदिनी घरत आली.
परळच्या इस्पितळातून सुटून चार महिने झालेले,
पिशवीत सात ब्लाऊज, सगळे आता डावीकडे रिकामे.
मुंढ्याचं माप घ्यायचं, हात वर घ्या म्हटलं.
कोपर कमरेपासून वीतभर हललं, थांबलं.
इथवरच येतो, म्हणाली. अंदाजानं शिवा.

अंदाजानं मी शिवत नाही.

डॉक्टरांना विचारून या, म्हटलं. चिठ्ठी घेऊनच आली.
भिंतीशी उभी केली, बोटं भिंतीवर,
जिथं थांबली तिथं खडूची रेघ.
ओढू नका. श्वास सोडा, आणि बोटं काय करतात बघा.
पुढल्या बुधवारी रेघ दोन बोटं वर.
मग तीन आठवडे तिथंच. एकदा तर खाली.
खालची रेघही मी पुसली नाही.

कापड बेतताना आत माया ठेवतात,
कडेला, दीड इंच, बाहेरून न दिसणारी,
उद्या अंग बदललं तर उसवून सैल करायला.
शिकाऊ मुलगी कापड वाचवायला आधी तीच कापते.
मीही माझ्या अंगाचं तसंच केलेलं:
पायाला हात लागलाच पाहिजे, काटेकोर, शिल्लक शून्य.
प्रमोदिनीला सांगताना पहिल्यांदा
माझ्या तोंडून निघालं, थोडं राखून ठेवा.

आता बुधवारी चौघी येतात.
दोघी उभ्या, दोघी आडव्या, मग उलट.
फी विचारली तेव्हा गोंधळून ब्लाऊजचा दर सांगितला.
"अस्तरासह?" एक म्हणाली.
रेगेबाईंना फोन केला, माझ्याकडे प्रमाणपत्र नाही.
"मग घे की. चौपन्नचीच तर आहेस."
अभ्यासक्रमाचं पुस्तक कटिंगच्या टेबलावर उघडं असतं,
पान उडू नये म्हणून वर कात्री.

परवा ताडासनात म्हटलं, खांदे सैल.
प्रमोदिनी डोळे मिटायचे सोडून माझ्याकडे बघत होती.
"बाई, तुमचा डावा वर आहे."
आरशात पाहिलं. होता.
माझ्याच ब्लाऊजांना मी दुसऱ्या बाजूला
इतकी वर्षं पॅड लावत आलेय.

रात्री बसून ती सगळी उसवली.
या बुधवारी भिंतीशी मी उभी राहीन,
खडू तिच्या हातात.