शेवट माहीत असलेलं एक द्या

या, कूलरसमोरची खुर्ची घ्या.
एक पाय आखूड आहे तिचा, खाली
वर्गणी बुडवलेल्यांची यादी घडी करून घातली आहे.
बर्डीच्या टेकडीखालचं दुकान, सत्तेचाळीसचं ऊन,
आणि तुम्ही विचारून राहिले, नवीन काय आलं?

आलं ना. पण आधी सांगा,
रात्री झोप लागते का?
हसू नका. डॉक्टरही हेच विचारतो
आणि माझ्या वर्षाच्या वर्गणीएवढे घेतो.

हे पहा, निळं. कव्हर वाईट आहे,
एक डोळा, एक किल्ली,
आजकाल सगळ्यांवर तेच असतं.
आत खून नाही. रक्त म्हणाल तर
बाईचं बोट कापतं विळीवर, एकशेआठव्या पानावर, तेवढंच.
नवरा आहे एक, फार प्रेमळ.
रोज घरातली एक वस्तू जागची हलवतो.
बस्स. आणखी एक शब्द बोललो
तर ठवकर साहेब मला कोर्टात खेचतील.

ठवकर म्हणजे जिल्हा न्यायालयातले जुने शिरस्तेदार.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब नकलून काढले,
चाळिसाव्या पानावर आरोपी ओळखतात
आणि समासात पेन्सिलीनं नाव लिहून ठेवतात.
मी रात्री खोडरबर घेऊन बसतो.
या पुस्तकात त्यांनी तीन नावं लिहिली,
तिन्ही स्वतःच खोडली,
परत करताना म्हणाले, "काहून बे, आधी सांगायचं नाही?"
काय सांगायचं होतं, ते मात्र बोलले नाहीत.

मग ते नंदनवनच्या लांजेवार बाईंकडे गेलं.
बारा दिवस उशीर, दंड चोवीस रुपये.
आलं तेव्हा खुणेला विजेचं बिल,
बिलाच्या पाठीवर बारीक अक्षरात:
चष्मा, फ्रीजवर. गॅसचं पुस्तक, गादीखाली.
कानातलं एक, तांदळाच्या डब्यात.
प्रत्येकापुढे तारीख.
आणि सगळ्यात खाली, मी विसरत नाही.

मी वर्गणी घेणारा माणूस. विचारलं नाही.
बिल होतं तसं घडी करून ठेवलं गल्ल्यात,
त्या आल्या तेव्हा पुढे सरकवलं.
त्यांनी ते पर्समध्ये टाकलं, चेन लावली,
म्हणाल्या, "भाऊ, आता
शेवट माहीत असलेलं एक द्या."

तेव्हा हे जाड दिलं. अठराशे सतराचं.
ह्याच दोन टेकड्या, वर आता मिलिटरीचं फाटक आहे.
कोण हारलं ते शाळेतल्या पोराला ठाऊक,
लिहिणारीलाही ठाऊक, तरी कशी लिहून गेली पहा:
राजा एकदाच दिसतो, तोही पडद्याआड.
सगळी गोष्ट एका पखालवाल्याची,
जो दोन्हीकडच्यांना पाणी पाजतो
आणि पैसे कुणाकडे मागायचे ते त्याला कळत नाही.
नोव्हेंबरची सकाळ, पखालीचं ओलं कातडं पाठीला गार,
अरब शिपाई लहान टेकडीवर चढतात,
टेकडी आपली होते.
दीड पान. फक्त दीड पान.
मी तिथे थांबलो होतो, खरं सांगतो,
शटर अर्धं ओढून, बाहेर व्हरायटी चौकातले हॉर्न,
वाटलं, पान उलटलंच नाही तर?

बाईंनी नेमकं तेच पान दुमडून आणलं.
दुमडलेल्या पानाचे मी पाच रुपये घेतो.
घेतले नाहीत.
कार्डावर नवा पत्ता लिहायला सांगितला,
गोंदिया, भावाकडचा.
"पुस्तकं पोस्टानं पाठवता का?"
पाठवतो, म्हटलं.
त्याआधी कधी पाठवलं नव्हतं.

तर बोला, निळं देऊ की जाड?
दोन्ही नाही, एका वर्गणीत एकच.
ऊन उतरेपर्यंत बसा, माठ तिकडे आहे.
आणि निळं नेलं तर, घरी गेल्यावर
चष्मा कुठे ठेवला
तेवढं लिहून ठेवा.