गोड्या पाण्याची वेळ

जिंतूरच्या स्टँडवर उतरले
तर स्टँड डुलत होता.
रसवंती, काळीपिवळी जीप, मूत्रीकडचा बाण,
सगळं आधी डाव्या अंगावर, मग उजव्या.
बारा दिवस जहाजावर राहिलं की जमीन अशीच वागते,
चीफ बेहेरा म्हणाले होते,
दोन दिवसांत शहाणी होते.
मी खांब धरून उभी राहिले.
एक रिक्षावाला म्हणाला, पोरीला ऊन लागलंय.

नाव माझं गंगासागर. गंगासागर नारायण घुगे,
नेव्हल विंग, दुसरं वर्ष.
तोवर आमचा समुद्र म्हणजे येलदरीचं धरण,
एक होडी, सहा वल्ही,
आणि ‘जोर लावा’ म्हटलं की काठावरून बघणाऱ्या म्हशी.
नावातला उरलेला अर्धा भाग एकोणिसाव्या वर्षी पाहिला
आणि पाहिल्या-पाहिल्या त्यात ओकले.
आईचे धपाटे होते. आईला सांगितलं नाही.

जहाजावर पहाटे शिट्टी वाजते,
लांब, चिरकी, शेवटाला वर चढणारी.
पहिल्या पहाटे मी झोपेतच बंकवरून उडी टाकली
आणि अंधारात बादली शोधू लागले.
पोरी हसून लोळल्या.
त्यांना काय सांगणार,
आमच्या गल्लीत शिट्टी म्हणजे माझे अण्णा,
नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन,
नवव्या दिवशी खांद्यावर ती लांब लोखंडी किल्ली,
तोंडात शिट्टी, मागे दोन कुत्री.

मग कळलं, इथंही वेळ आहे:
गोडं पाणी सकाळी, तीन मिनिटं.
चारी बाजूंनी पाणी, आणि नळाला तीन मिनिटं!
मोठ्या शहरांतल्या पोरी साबण डोळ्यांत घेऊन ओरडायच्या.
उदगीरची मेहजबीन आणि मी
दोन मिनिटांत बाहेर, केस धुऊन,
उरलेल्या मिनिटात मोजे.
बेहेरा वही घेऊन बघत राहिले.
कुठे शिकलात?
मेहजबीन म्हणाली, सर, घरी.

एक रात्र मिडल वॉच, बारा ते चार.
दुर्बीण जड होते, मान आखडते.
डावीकडे लाल दिवा, त्याच्याखाली थोडं लाल पाणी,
बाकी नुसता आवाज.
तिथं आठवण वगैरे कुणाची आली नाही.
एकच आलं मनात:
एवढं पाणी, आणि कुणी रांगेत नाही.

घरी शेजारणी जमल्या. लाटा केवढाल्या? मासे दिसले का?
भीती नाही वाटली?
अण्णा चपला काढत म्हणाले,
गोडं पाणी किती टन ठेवतेत?
मी सांगितलं, ठेवतातही आणि बनवतातही,
समुद्राचंच, मशीन आहे, आरओसारखं.
अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.
व्हॉल्व्ह किती इंची?
ते विचारायचं राहिलं, अण्णा.
राहिलं मनती! बारा दिवस काय करीत होतीस मंग?

रात्री जेवताना मी ताटावर जहाज मांडलं,
भाकरीचं. पुढं नाक, मागं शेपूट.
ही डावी बाजू, पोर्ट. ही उजवी, स्टारबोर्ड.
डावं-उजवं कामून म्हणत नाहीत?
तोंड फिरवलं की डावं-उजवं बदलतं, अण्णा,
जहाजाचं बदलत नाही.
ते बराच वेळ भाकरीकडे बघत बसले.
मग पोर्टकडून मोडून खाल्ली.

आज नववा दिवस.
साडेचारला उठवलं मला. टाकीपाशी अंधार,
किल्ली माझ्या हातात दिली, पहिल्यांदाच.
गार लोखंड. साडेसात फेरे, मोजून.
आत कुठंतरी धडधडलं आणि धावलं.
अण्णा शिट्टी फुंकत उतारावरून निघाले,
आणि खाटीक गल्लीच्या तोंडाशी थांबून ओरडले,
पोर्टला पाणी सुटलं होऽ!

दारं उघडली. कुणी विचारलं नाही पोर्ट म्हणजे काय.
घागरी डाव्या हाताला लागल्या.

मी किल्लीला धरून उभी आहे.
तिसरा दिवस, तरी जमीन थोडी हलतेच आहे.