टेबल क्रमांक सत्तेचाळीस

कुओपिओला, गोठलेल्या तळ्याच्या अलीकडे
एका बंद पडलेल्या छापखान्यात आमचा जुना बाजार आहे.
टेबल आठवड्याच्या भाड्यानं मिळतं.
आपल्या वस्तू आपण मांडायच्या, किमती आपण लिहायच्या,
गल्ल्यावर मी.

फेब्रुवारीत रायली आली,
पोरांच्या घसरगाडीवर दोन खोकी बांधून, ओढत.
पहिल्यात सहा किटल्या, सहाच्या सहा कोऱ्या,
पोटात अजून कागदाचे बोळे.
दुसऱ्यात एकाच निळ्या रंगाचे तीन मफलर.
"तीन?"
"पहिला सापडेना म्हणून दुसरा मागवला.
दुसरा आला आणि पहिला सापडला."
"आणि तिसरा?"
तिनं मान खाली घातली, चिकटपट्टीवर आकडा लिहिला.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
इथं असतं. दीड युरो.
खोक्याच्या तळाशी मूळ पावती होती: एकोणचाळीस.

वृद्धाश्रमात रात्रपाळी करते ती.
पहाटे साडेतीनला सगळ्यांना कुशीवर वळवून झालं,
औषधांची वही भरून झाली
की उजाडेपर्यंत नुसती ट्यूबलाइटची घरघर.
तेव्हा अंगठा आपोआप चालायचा, म्हणाली.
वस्तूचं काही नव्हतं गं,
मधले दोन दिवस बरे जायचे.
निघालं. ताम्पेरेला पोचलं. तुमच्या गावात आलं.
कुणीतरी माझ्याकडे यायला निघालंय, एवढंच.
मग किराणा दुकानातल्या पार्सलच्या कपाटाचं दार
खट्कन उघडायचं
आणि तिथंच सगळं संपायचं.
खोकी न फोडता पलंगाखाली.
बिलंही न फोडता,
मांजराच्या खाण्याच्या डब्यामागे.

पहिल्या शनिवारी तिचे एकतीस युरो झाले.
मी मोजून हातावर ठेवले.
दारापर्यंत गेली, बाराव्या टेबलापाशी थबकली,
परत आली ती वॅफलचा साचा घेऊन.
"चारच युरो," म्हणाली. माझ्याकडे न बघता.
मी घेतले चार युरो. धंदा आहे.
त्या रात्री मला झोपही लागली, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात साचा तिच्याच टेबलावर. तीन युरो.

त्यानंतर तिनं एक पद्धत पाडली:
आल्या आल्या पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये टाकायचं,
कात्रीशेजारी,
आणि मोकळ्या हातांनी बाजारात फिरायचं.
एकदा काचेचा पक्षी घेऊन वीस मिनिटं हिंडत होती,
उजेडाकडे धरून, बुडाचा शिक्का वाचून,
शेवटी भलत्याच टेबलावर ठेवून गेली.
तो जागच्या जागी नेऊन ठेवताना
मला हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ काळं पडलं.
तेव्हा एकदा ताजं पार्सल काखेत मारून आली.
"पहाटे तीन चाळीस," म्हणाली. पुढचं मी विचारलं नाही.
परत कसं पाठवायचं ते तिला ठाऊक नव्हतं;
नऊ वर्षांत कधी काही परत पाठवलंच नव्हतं.
दोघींनी मिळून लेबल चिकटवलं,
आधी उलटं, मग सुलटं.

आता सत्तेचाळीस नंबर दुसऱ्या कुणी घेतलाय.
रायली कधी कॉफीला येते,
पाकीट अजून सवयीनं माझ्यापुढे सरकवते.
कर्ज फिटायला अजून चार वर्षं आहेत,
आकडा तिनं फ्रिजवर लावलाय, झाकून नाही.
रात्री कोपऱ्यातल्या खोलीत आर्मास नावाचे आजोबा जागे असतात.
तिच्या लक्षात आलं, ते आधीपासूनच जागे असायचे.
बोटीचं इंजिन भर तळ्यात बंद पडलं ती गोष्ट
रोज सांगतात, रोज तीच.
"कंटाळा येतो?"
"येतो की. पण फुकट येतो."

मफलर दोन खपले.
तिसरा गेला नाही, म्हणून मीच घेतला.
माझ्याकडे चार आहेत.