बंद असताना

पहिल्यांदा विचारायचं ते एवढंच :
बंद असताना ती कशी दिसते?
चालू असताना सगळ्याच काचा शहाण्या.

माझ्या पेटीत तुकडे, पंजाएवढे,
कडेला तांब्याची पट्टी, मागे बॅटरी.
आई वर्सोव्याला कल्ला उघडून दाखवायची गिऱ्हाइकाला,
मी बटण दाबून दाखवते.

हा दुधाळ. वीज दिली की आतले स्फटिक
प्रार्थनेच्या रांगेसारखे सरळ होतात, पलीकडचं दिसतं.
वीज काढली, रांग मोडली, दूध.
ऊन फारसं अडवत नाही, तेही सांगून टाकते.
दुसरा निळा होत जातो सावकाश, चहा निवेपर्यंत.
उन्हाला चांगला, वीज नावापुरती खातो,
पण रात्री आत दिवा लागला की समोरच्या टॉवरला
तुमच्या ताटातल्या पोळ्या मोजता येतात.
तिसरा क्षणात काळा. भाव ऐकून लोक पाणी मागतात.
चौथ्याला बटणच नाही. तापला की रंग बदलतो
स्वतःच्या मनाने.
तो घरासाठी कुणी घेत नाही,
घरात असा एक असतोच.

लोअर परळला, एकोणिसाव्या मजल्यावर,
मीटिंगच्या खोलीला दुधाळ लावला होता.
मार्चमध्ये कडा तपासायला गेले,
आपल्या दमट हवेत फिल्म कडेनंच सुटते,
तर रिसेप्शनवरची पोरगी हळूच म्हणाली,
काच पांढरी झाली की आम्ही टायपिंग थांबवतो.
आत कुणाला तरी काढत असतात.
एकदा वीजच गेली. जनरेटर यायला अकरा सेकंद.
खोली रिकामी, काच पांढरी,
आणि अख्ख्या मजल्याला आपापलं नाव ऐकू आलं.

मी कागदावर लिहिलं : काच ठीक. कडा ठीक.

मग पार्ल्याचे सबनीस.
हॉल कापून केलेली खोली, खाट,
खाटेवर रघुवीरराव, लघुवाद न्यायालयात
सदतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलेले.
झटक्यानंतर तोंडात एकच शब्द उरला : अगोदर.
भूक लागली, अगोदर. पंखा हवा, अगोदर.
रडू आलं तरी तोच.

सून इरावती म्हणाली, दुधाळच द्या,
यांना पुसताना कुणी आलं तर बरं नाही दिसत.
मी विचारलं, बटण कुणाकडे राहणार?
ती थांबली. कोटेशनमध्ये ही ओळ नसते.

तेव्हा मी कप्प्यातला पाचवा काढला, उलट जातीचा :
वीज दिली की पांढरा, गेली की स्वच्छ.
दीडपट भाव.
दोन्ही स्वभाव एका काचेत मिळत नाहीत,
आधीच ठरवावं लागतं,
अंधार झाला तर माणूस झाकायचा की दिसायचा.

दिसायला हवेत, इरावती म्हणाली. रात्री पडलेबिडले तर?
रघुवीरराव म्हणाले, अगोदर.
कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.

शनिवारी उलट जातीचा बसवला.
रिमोट नाडीनं खाटेच्या दांडीला बांधला, डाव्या हाताशी.
त्यांनी तो बराच वेळ अंगठ्यानं चाचपला,
मग दाबला.
आमच्या तिघींच्या तोंडावर काच पांढरी झाली.
मी, इरावती, भांडीवाली शेवंताबाई,
बाहेर, आपल्याच पुसट सावल्यांकडे बघत.
आत खाट करकरली. मग काही नाही.
सात मिनिटं.
शेवंताबाईनं बोटाच्या पेरानं टकटक केलं,
त्या घरात बहुतेक पहिल्यांदाच,
आणि काच उघडली.
रघुवीरराव तसेच पडून होते, काही केलं नव्हतं त्यांनी.
शर्टाचं वरचं बटण तेवढं लावलेलं.

पेटी उचलली तेव्हा इरावती जिन्यापर्यंत आली.
हिचा कंट्रोल माझ्या मोबाइलवरही घेता येतो ना?
तिच्या डोळ्यांखाली किती रात्री होत्या, दिसत होतं.

या मॉडेलला होत नाही, मी म्हणाले.

होतं.