खोका

ग्रिम्स्बीच्या बाजारात दर शनिवारी
मासळीच्या खोक्यावर उभा राहायचा ऑस्विन थर्कल,
माझ्या बुटांच्या दुकानासमोरच.
नऊ वर्षं त्याचा नरक मी फुकट ऐकला,
गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेता घेता.

तक्रार मीच केली.

कॉन्स्टेबल आली, ब्रायोनी.
लहानपणी रविवारच्या शाळेत
त्याच्याच हातची बिस्किटं खाल्लेली.
म्हणाली, "काका, कर्णा बंद करा.
बोलायला मनाई नाही, पण…"
पण-नंतरचं वाऱ्यानं नेलं.

त्याचं बोट नेमकं त्या पानावर होतं
जिथं लिहिलंय, राज्य करणाऱ्यांचं ऐकावं.
वाचून व्हायचं होतं.
टोपी काखेत धरून ती थांबली,
शेवटच्या ओळीपर्यंत.

मग त्यानं कर्णा बंद केला.
खोक्यावरून उतरला, गुडघा चोळला,
पानं मागं उलटली, जिथं तुरुंगातून सुटलेले प्रेषित
भर दरबारात नाही म्हणतात,
आणि ते वाचू लागला
घरात बोलावं तशा आवाजात.

आता नीट ऐकू येत नाही,
म्हणून दोघं-तिघं जवळ जाऊन उभे राहतात.
काल मीसुद्धा.
हातात कुणाचा तरी एकच बूट.